भिंतीतला आटा वाचवा

पोहण्याच्या तलावातली एखादी फिटिंग फिरेनाशी झाली की पहिली मागणी होते ती मोठ्या पान्याची. खरं तर आधी लागते ती टॉर्च. फिटिंग कशाने धरून ठेवली आहे हे कळण्याआधी तिच्यावर जोर लावला, तर नुकसान जवळपास ठरलेलं असतं. तलावात काढायचा तुकडा आणि तो ज्यात बसला आहे तो तुकडा यांच्या किमतीत फार मोठी तफावत असते. बाहेरची नोझल, तिची रिंग, प्लग, निप्पल हे सगळं दुकानात मिळतं आणि बदलता येतं. पण ज्या आट्यांत हे भाग बसतात ते काँक्रीटमध्ये कायमचे गाडलेले असतात. ते गेले की टाइल फोडा, काँक्रीट फोडा, वॉटरप्रूफिंग नव्याने करा, पाणी भरून गळती तपासा, अशी कामांची रांग लागते आणि ऐन उन्हाळ्यात तलाव बंद ठेवावा लागतो. म्हणून या प्रकरणातला मुख्य नियम इथेच सांगतो. बाहेरच्या भागाचा बळी गेला तरी चालेल, भिंतीतला आटा वाचला पाहिजे.

तलावाचं नळकाम तसं साधं असतं. पाणी तळाच्या मुख्य ड्रेनमधून आणि वरच्या स्किमरमधून किंवा कडेच्या ओव्हरफ्लो चॅनेलमधून पंपाकडे जातं, सँड फिल्टरमधून गाळलं जातं आणि भिंतीतल्या इनलेट नोझलमधून परत येतं. तळ साफ करण्यासाठी भिंतीत एक-दोन व्हॅक्यूम पॉइंट असतात आणि त्यांना आट्यांची झाकणं असतात. या सगळ्या तोंडांशी एक भाग भिंतीत पक्का असतो आणि दुसरा त्यात फिरवून बसवलेला असतो. भांडण होतं ते या दोघांमध्ये.

सगळ्यात जास्त वेळा हे भाग धरून ठेवतो तो क्षार. पाण्यात विरघळलेला चुना बाहेर पडून पृष्ठभागावर कधी जमतो आणि कधी जमत नाही, हे पाण्याचा सामू, कॅल्शियम, क्षारता आणि तापमान यांच्या मेळावर अवलंबून असतं. हे गणित अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठातील विल्फ्रेड लँगेलियर यांनी १९३६ साली मांडलं आणि तलावांच्या देखभालीत आजही तोच निर्देशांक वापरला जातो. साखर गरम पाण्यात जास्त विरघळते, कॅल्शियम कार्बोनेटचं मात्र उलट आहे. पाणी तापलं की ते बाहेर पडू लागतं. पाणी खळखळलं की त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो, सामू वाढतो आणि चुना जमायला आणखी वाव मिळतो. इनलेटच्या तोंडाशी पाणी सतत घुसळत असतं, म्हणून तिथे पांढरी कडा लवकर दिसते. आपल्याकडे यात आणखी एक भर पडते. कित्येक तलाव बोअरच्या किंवा टँकरच्या जड पाण्याने भरलेले असतात आणि त्यात वर ब्लीचिंग पावडर टाकली जाते. ब्लीचिंग पावडरमध्ये क्लोरीनबरोबर भरपूर चुनाही असतो. पाण्याचं बाष्पीभवन होतं, चुना मागे राहतो, पुन्हा टँकर येतो. दोन-तीन हंगामांत आट्यांच्या फटी दगडासारख्या भरून जातात. सामू ७.२ ते ७.८ आणि कॅल्शियमची कठीणता लिटरमागे २०० ते ४०० मिलिग्रॅम एवढी राखली, तर या प्रकरणातला निम्मा त्रास उद्भवतच नाही.

दुसरं कारण डोळ्यांना दिसत नाही आणि म्हणून जास्त फसवतं. ते म्हणजे चुकीचा आटा. भारतात नळाचे आटे ब्रिटिश प्रमाणाचे असतात. त्यांचा उगम जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये सुचवलेल्या ५५ अंशांच्या आट्यात आहे. अमेरिकन आटा ६० अंशांचा. दीड इंची मापात ब्रिटिश आट्याला इंचात ११ फेरे असतात, अमेरिकन आट्याला साडेअकरा. म्हणजे एका आट्यापासून पुढच्या आट्यापर्यंतचं अंतर ब्रिटिश मापात २.३१ मिलिमीटर आणि अमेरिकन मापात २.२१ मिलिमीटर. फरक जेमतेम ०.१ मिलिमीटरचा. त्यामुळे परदेशी बनावटीची नोझल देशी सॉकेटमध्ये लावली तर पहिले दोन-तीन फेरे ती गुमान आत जाते. बसवणाऱ्याला वाटतं, बरोबर चाललं आहे. पण प्रत्येक आट्याला ती तफावत साचत जाते, पाचव्या आट्याशी अर्धा मिलिमीटर होते आणि प्लास्टिक प्लास्टिकमध्ये रुतून बसतं. मग थोडी गळती दिसते, गळती दिसली म्हणून आणखी टेप गुंडाळून पान्याने आवळलं जातं, आणि पुढच्या माणसाच्या वाट्याला अडकलेली फिटिंग येते. ओळखायची खूण अशी की फिटिंग अर्धवट बाहेर राहिलेली असते आणि कडेला क्षाराचा मागमूसही नसतो.

पंपाच्या खोलीत आणखी वेगळं घडतं. पंपाच्या तोंडाशी पीव्हीसीचा आटेवाला अडॅप्टर बसवलेला असतो, ज्याला प्लंबर एमटीए म्हणतात. व्हॉल्व्ह बंद राहिला किंवा पाण्याऐवजी हवा ओढली गेली, तर पंपातलं उरलंसुरलं पाणी घुसळून तापतं. पीव्हीसी साधारण ८० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडतं. मऊ झालेला अडॅप्टर आवळलेल्या अवस्थेत चेपतो, थंड झाल्यावर त्याच वेड्यावाकड्या आकारात घट्ट होतो आणि गळू लागतो. तो आता सरळ फिरून बाहेर येत नाही. त्याला पाना लावला तर पंपाच्या बॉडीलाच तडा जातो.

धातूंचं दुखणं तिसरंच. जुन्या तलावांत जीआय पाइपला पितळेची किंवा स्टेनलेसची फिटिंग लावलेली असते. क्लोरीन आणि मीठ असलेलं पाणी विजेचं चांगलं वाहक. दोन वेगळे धातू अशा पाण्यात एकमेकांना चिकटून राहिले की त्यातला दुबळा धातू झिजतो आणि त्याचा गंज आट्यांत फुगून बसतो. जीआयवरचा जस्ताचा थर आधी जातो, मग लोखंड. स्टेनलेसचा स्क्रू स्टेनलेसच्याच आट्यात कोरडा आवळला तर गंज न लागताही पृष्ठभाग एकमेकांना घासून जुळतात आणि स्क्रू जागीच जाम होतो.

आता टॉर्च घेऊन जवळ जा. कडेला पांढरी, खरखरीत खपली असेल तर क्षार. तपकिरी ओघळ असेल तर गंज. दोन्ही नाही आणि फिटिंग अर्धी बाहेर आहे, तर आटे जुळलेले नाहीत. आणि कडेने चकचकीत, ओघळून वाळलेली रेष दिसत असेल तर तिथे आटे नाहीतच, तो सोल्यूशनने जोडलेला सांधा आहे. तो जन्मभर फिरवला तरी सुटणार नाही. पीव्हीसीचं सोल्यूशन गोंदासारखं काम करत नाही. ते दोन्ही पृष्ठभाग विरघळवून एकजीव करतं आणि नंतर उडून जातं. तिथे कापण्याशिवाय उपाय नसतो.

क्षारावर उतारा आम्लाचा. कॅल्शियम कार्बोनेटवर आम्ल पडलं की कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे येतात, म्हणजे निदान आणि उपचार एकाच थेंबात होतात. पाणी इनलेटच्या खाली उतरवा, व्हिनेगरमध्ये भिजवलेली कापडाची पट्टी रिंगभोवती गुंडाळा, वरून प्लास्टिकची पिशवी बांधा आणि काही तास तशीच राहू द्या. पट्टी सुकली तर पुन्हा भिजवा. सायट्रिक ॲसिडचं पाणीही चालतं. हायड्रोक्लोरिक ॲसिड जास्त वेगाने काम करतं आणि पीव्हीसीला त्याने अपाय होत नाही, पण ते टाइलमधलं ग्राउट खातं आणि स्टेनलेसवर डाग व खड्डे पाडतं. वापरायचंच असेल तर पाण्यात ॲसिड ओता, ॲसिडमध्ये पाणी कधीच ओतू नका. चष्मा, हातमोजे आणि मोकळी हवा हवीच. आणि एक गोष्ट पंपाच्या खोलीत मोठ्या अक्षरांत लिहून ठेवण्यासारखी आहे. क्लोरीनची पावडर किंवा गोळ्या आणि ॲसिड यांची गाठ पडता कामा नये. दोन्ही एकत्र आले की विषारी क्लोरीन वायू बाहेर पडतो आणि बंद खोलीत तो माणसाला पळायलाही वेळ देत नाही. ॲसिड लावण्याआधी नोझलच्या आत क्लोरीनच्या गोळीचा तुकडा अडकलेला नाही ना, हे बघा.

गंजाचे फवारे मात्र प्लास्टिकवर मारू नयेत. हे फवारे धातूसाठी आहेत. नोझलच्या रिंगा बहुतेक एबीएस प्लास्टिकच्या असतात. ताणाखाली असलेल्या एबीएसला तेल आणि सॉल्व्हंट लागलं तर बारीक चिरा पडतात. तलावाच्या सामानातल्या रबरी रिंगा बऱ्याचदा ईपीडीएम जातीच्या असतात आणि पेट्रोलियमच्या तेलाने त्या फुगून लिबलिबीत होतात. ॲसिटोनने तर एबीएस सरळ विरघळतं. प्लास्टिक आणि रबर असेल तिथे सिलिकॉन ग्रीस, धातूवर धातू असेल तिथेच गंजाचा फवारा.

तापमानाचा उपयोग फार थोडे लोक करून घेतात. पीव्हीसी तापल्यावर लोखंडाच्या जवळपास पाचपट प्रसरण पावतं. दीड इंची फिटिंगचा व्यास ४८ मिलिमीटरच्या आसपास असतो. तिचं तापमान ४० अंशांनी बदललं तर व्यासात सव्वा दशांश मिलिमीटरचा फरक पडतो. आकडा क्षुल्लक वाटतो, पण आट्यांमधली चुन्याची खपली ठिसूळ असते आणि तिला तडकायला एवढं पुरतं. आतल्या तुकड्यात बर्फ भरून ठेवा, तो आक्रसतो. मग कढत पाणी ओता, तो फुगतो. असं दोन-तीनदा केलं की पकड ढिली होते. पाणी कढत हवं, उकळतं नको. ज्योत तर कधीच नको, कारण पीव्हीसी जळालं की हायड्रोजन क्लोराइडचा झोंबणारा धूर निघतो आणि भिंतीतला भागही वितळतो.

मग येतो पाना. आज सगळीकडे दिसणारा दातेरी पाइप पाना डॅनियल स्टिल्सन यांनी अमेरिकेत १८६९ साली घडवला. त्याची करामत अशी की जितका जोर वाढवाल तितका जबडा जास्त चावतो. लोखंडी पाइपवर हा गुण आहे, प्लास्टिकवर दोष. दाते प्लास्टिकमध्ये रुततात, गोल रिंग लंबवर्तुळाकार होते आणि लंबवर्तुळाकार झालेली वस्तू गोल भोकात आणखी घट्ट बसते. म्हणून बाहेरून धरायचं असेल तर पट्ट्याचा पाना वापरा, तो सगळीकडून सारखा दाबतो. आयबॉल नोझलच्या रिंगेला आतून दोन खाचा असतात. त्यांची किल्ली मिळते, ती मिळाली नाही तर खाचांत नेमकी बसेल अशी लाकडी पट्टी तासून घ्या. पान्याला लांब नळी लावून जोर वाढवण्याचा मोह टाळा. ४५ सेंटिमीटरच्या पान्यावर ३० किलोचा भार टाकला तर साडेतेरा किलो-मीटरचा पीळ बसतो, नळीने हात १ मीटरचा केला तर तोच ३० होतो. हा वाढीव पीळ फक्त रिंगेलाच बसेल याची हमी कुणी देऊ शकत नाही. तो भिंतीतल्या सॉकेटलाही बसतो.

आधी किंचित आवळा, मग सोडवा. क्षाराची पहिली चीर बऱ्याचदा आवळण्याच्या दिशेनेच पडते. लाकडी हातोडीने भोवती हलके ठोके द्या. रिंग केसभर हलली तरी थांबा, पुन्हा आम्ल सोडा, पुन्हा हलवा. मागे-पुढे, मागे-पुढे. दिवसभरात एक फेरा सुटला तरी काम मार्गी लागलं असं समजा.

आणि तरीही फिटिंग तुटते. बाहेरचं तोंड हातात येतं आणि आट्यांचा नळीसारखा तुकडा भिंतीत राहतो. इथे कितीतरी जण घाबरून टाइलवर छिन्नी लावतात. त्याची गरज नसते. सगळ्या कामात शिकण्यासारखं कसब हेच आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आधी तुटलेल्या तुकड्याची भिंत किती जाड आहे ते हातात आलेल्या भागावर मोजा. आट्यांच्या तळाशी ती ४ मिलिमीटर असेल तर आपल्याला साडेतीनपर्यंतच कापायचं आहे. पाइपच्या आत ओलं फडकं कोंबा, म्हणजे भुसा पंपाकडे जाणार नाही. फडक्याला दोरी बांधून तिचं टोक बाहेर ठेवा. हॅक्सॉचं नुसतं पातं घ्या आणि एका टोकाला कापडी पट्टी गुंडाळून मूठ करा. पातं असं धरा की दाते आपल्याकडे वळलेले राहतील, कापणं ओढताना व्हावं, ढकलताना नाही. पातं तुकड्याच्या आत घालून त्याच्या लांबीभर सरळ खाच पाडायला लागा. पांढरा भुसा पडू लागतो. दर दहा-बारा ओढींनंतर टॉर्च मारून बघा. खाच खोल जाते तसा आवाज बदलतो, पातं जरा खडखडू लागतं, कारण खाली आट्यांचे चढउतार लागायला सुरुवात होते. खाचेच्या तळाशी आट्यांच्या बारीक आडव्या रेषा उमटल्या की हात थांबवा. तिथून पुढचं प्लास्टिक आपलं नाही, भिंतीतल्या सॉकेटचं आहे. पहिल्या खाचेपासून साधारण सेंटिमीटरभर अंतरावर दुसरी खाच तशीच पाडा. आता दोन खाचांमधली पट्टी फक्त कागदाएवढ्या जाडीने धरलेली आहे. अरुंद छिन्नी किंवा जुना स्क्रू ड्रायव्हर या पट्टीच्या बाहेरच्या कडेला तिरका लावा आणि टोक तलावाच्या पाइपच्या मध्याकडे ठेवून हलके ठोका. पट्टी आतल्या बाजूला मोडते. एवढं झालं की उरलेल्या गोल तुकड्यातला ताणच निघून जातो. पकडीने त्याची एक कड धरून आत वळवली की तो गुंडाळला जाऊन आट्यांतून सुटतो. सॉकेटच्या एखाद्या आट्याला पात्याचा ओरखडा गेला असेल तर चिंता नको, सीलंट तो भरून काढतं. आरपार चीर गेली तर मात्र दुरुस्ती मोठी आहे, म्हणूनच ती मधली टॉर्च महत्त्वाची.

हेच काम पंपाच्या चेपलेल्या अडॅप्टरवरही चालतं. पाइप कापून अडॅप्टर मोकळा करा आणि त्याच दोन खाचा पाडा. सोल्यूशनच्या सांध्यात तुकडा अडकला असेल तर आतून हॉट एअर गनने फक्त आतला पाइप मऊ करून कड सोलत आणता येते, किंवा ड्रिलला लावायचा रीमर वापरून आतला पाइप खरवडून सॉकेट पुन्हा वापरता येतं. रीमर पाइपच्या नेमक्या मापाचा हवा. आपल्याकडे राखाडी पाइप मिलिमीटरच्या मापात येतो आणि पांढरा इंचाच्या, त्यामुळे अंदाजाने आणलेला रीमर सॉकेटच खाऊन टाकतो.

तलाव रिकामा करण्याआधी जमिनीखालच्या पाण्याचा विचार करा. पावसाळ्यात भोवतालच्या मातीतलं पाणी तलावाच्या तळापेक्षा १ मीटरने वर असेल तर तळाच्या प्रत्येक चौरस मीटरवर १ टनाचा उचलणारा दाब असतो. आत पाणी असतं तोवर त्या दाबाला उत्तर मिळतं. तलाव रिकामा झाला की फरशी उचलली जाते, तळाला तडे जातात, हलका तलाव तर सगळाच वर येऊ शकतो. कोकणात जून ते सप्टेंबर नोझलसाठी पूर्ण तलाव उपसणं हा शुद्ध अविचार आहे. इनलेटच्या खाली वीतभर पाणी उतरवलं की काम भागतं. पाण्याजवळ मुख्य विजेवर चालणारं ड्रिल वापरू नका, बॅटरीवरचं घ्या.

नवीन फिटिंग बसवताना सुतळी आणि सफेदा प्लास्टिकच्या आट्यांवर लावू नका. सुतळी पाण्याने फुगते आणि सॉकेट आतून फाडते. टेफ्लॉन टेपचे दोन-तीन वेढे आट्यांच्या दिशेने द्या, हाताने घट्ट होईल तेवढं फिरवा आणि पान्याने जेमतेम एक फेरा. निमुळता आटा ही मुळात पाचर आहे, जास्त ठोकली की लाकूड फुटतं. जिथे प्लास्टिकचा सॉकेट आहे तिथे धातूचा निप्पल त्यात घालूच नका.

मुख्य ड्रेनच्या कव्हरचा विषय मी मुद्दाम शेवटी ठेवला, कारण तिथे प्रश्न पैशाचा नाही. स्टेनलेसऐवजी लोखंडी स्क्रू वापरले तर ते गंजतात, त्यांच्या डोक्यांच्या खाचा झिजतात आणि एक-दोन स्क्रू काढायला गेलं की तुटतात. मग उरलेल्या दोन स्क्रूंवर कव्हर तसंच सोडून दिलं जातं. १६ सेंटिमीटर व्यासाच्या उघड्या तोंडाचं क्षेत्रफळ साधारण २०० चौरस सेंटिमीटर भरतं. पंपाने तिथे अर्ध्या वातावरणाइतकी ओढ निर्माण केली तरी त्यावर बसलेल्या अंगाला १०० किलोंचा जोर खेचून धरतो. २००२ मध्ये अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात ग्रेम बेकर ही सात वर्षांची मुलगी स्पाच्या ड्रेनला अशीच खेचली गेली. तिच्या आईला तिला सोडवता आलं नाही आणि ती बुडून गेली. माजी परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर यांची ती नात. तिच्या आईने पाठपुरावा केला आणि २००७ मध्ये तिथे तिच्या नावाचा कायदा झाला. सार्वजनिक तलावांत ओढ अडवणारी ठरावीक दर्जाची कव्हरं सक्तीची झाली.

म्हणून ड्रेनपाशी काम करताना पंप बंद करून पॅनलला कुलूप लावा आणि किल्ली पाण्यात उतरणाऱ्याच्या ताब्यात द्या. तुटलेला स्क्रू उलट्या दिशेच्या ड्रिल बिटने काढा, निघत नसेल तर आट्याचा सांगाडाच बदला, पण एकही स्क्रू कमी ठेवून कव्हर लावू नका. सगळे स्क्रू जागेवर बसेपर्यंत पंप सुरू करू नका आणि तलावात कुणालाही उतरू देऊ नका. तुमच्या सोसायटीच्या तलावात ड्रेनच्या कव्हरचे स्क्रू किती आहेत आणि किती हवेत, हे या आठवड्यात एकदा स्वतः मोजून घ्या.